बाबल, लाइट गेली नव्हती

आख्ख्या वाडीत लिनक्सचं अपग्रेड स्वतःच्या हाताने करून दाखवलेला माणूस एकच, आणि तो मी. ज्या कॉम्प्युटरचं केलं तो पुढे अठरा दिवस उठला नाही.

बाबल, तू जाऊन आज सोळा दिवस झाले आणि मला एका जागी बसवत नाही. वाचनालयाचे मास्तर म्हणाले, "गुंडू, तू त्याचा दोस्त. अंकासाठी काहीतरी लिहून दे." मी म्हटलं, मास्तर, मी चौथीला दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा शाळाच जिंकली. ते म्हणाले, "चुका आम्ही काढू, तू लिही." तेव्हापासून लिहितोय. पाच मिनिटं बसतो, उठतो, सोसायटीच्या खोलीपर्यंत जातो, खिडकीतून तुझी खुर्ची बघतो, परत येतो. काल एका होडीवर नाव रंगवायला घेतलं. 'श्री' झालं आणि ब्रश डब्यात टाकून निघालो. होडीवाला मागून ओरडला, "रे गुंडू, माझी होडी नुसती 'श्री' घेवन दर्यात धाडू काय?" मी म्हटलं, "धाड. फुडचा नाव देव वळाकतलो." त्याने वल्हं उचललं तेव्हा पळालो.

ही तडफड कशाची ते तुला माहीत आहे. कदाचित. तुला माहीत होतं की नव्हतं, तेच तर मला कळत नाही, आणि आता विचारायला तू नाहीस.

अंक वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगतो, तू कंटाळू नको.

तू मुंबईच्या छापखान्यातून परत आलास तो एक जुना कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून घेऊन. मच्छीमार सोसायटीच्या खोलीत मांडलास. त्यात सगळ्यांच्यात असतं ते विंडोज नव्हतं. तू म्हणालास, "ह्याका लिनक्स म्हणतत. ह्या फुकट, आणि तेच्या पोटात काय चालला ता आपणाक बघूक गावता." मी म्हटलं, "फुकट गावता ता कसला, कुसको बांगडो?" तू हसलास आणि मला खुर्ची दिलीस. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला टेबलाच्या आतल्या बाजूला बसवलं.

त्या मशीनमध्ये तू खुणा भरायला घेतल्यास. पाण्याखालचा खडक, म्हणजे खडप, कुठे, जाळं कुठे टाकायचं, कुठे टाकलं तर फाटणार, हे आपले जुने लोक किनाऱ्याकडे बघून ओळखायचे. देवळाचा कळस अमुक झाडावर आला आणि पलीकडचा डोंगर मोकळा दिसला, की खाली खडप आहे समजायचं. ज्याच्या त्याच्या घराच्या खुणा वेगळ्या. दुसऱ्याला सांगायच्या नाहीत. बापाने मुलाला सांगायच्या, बस. तू एकेकाच्या पडवीत जाऊन बसायचास आणि लोक तुला चहा द्यायचे, खुणा द्यायचे नाहीत.

पहिल्या खुणा दिल्या त्या माझ्या बापाने. कारण मला देऊन झाल्या होत्या. मी त्या विसरलो, आणि तीन वेळा त्याचं जाळं त्याच्याच खडपावर फाडलं. मग त्याने मला होडीतून उतरवून हातात रंगाचा ब्रश दिला, आणि खुणा तुझ्या मशीनला दिल्या. मी म्हटलं, "बाबा, घरात झील असताना मशीनाक?" तो म्हणाला, "ह्या मशीन तरी इसरना नाय." त्यानंतर दीड वर्षात तो गेला. म्हणजे माझ्या बापाच्या खुणा जगात एकाच ठिकाणी होत्या, तुझ्या त्या टेबलावर. त्याला बघून मग बाकीचे म्हातारे बोलायला लागले. तू विचारायचास, आणि तुझ्या घरच्या मालूवहिनी बाजारात मासे विकून आल्या की हात साबणाने दोनदा धुऊन टाइप करायच्या. अर्ध्याहून जास्त खुणा त्यांच्या बोटांनी आत गेल्यात.

त्यावरून आपलं भांडण. मी म्हणायचो, आता होडी-होडीवर जीपीएस येतोय, तुझ्या खुणा वाचतलो कोण? तू म्हणायचास, "तो आकडो दाखवता. खंय बघूचा ता दाखवणा नाय." मी म्हणायचो, आकड्याने मासळी मिळते ना? तू म्हणायचास, "मिळता." आणि गप्प. तुझं हे गप्प बसणं मला कधी आवडलं नाही. समोरचा जिंकला असं त्याला वाटतं आणि घरी गेल्यावर झोप लागत नाही.

तर अपग्रेड. ग्रामपंचायतीने नवा प्रिंटर दिला आणि आपलं जुनं लिनक्स त्याला ओळखेना. तुला खुणा छापून घराघरात एकेक वही द्यायची होती. म्हणून मुंबईच्या दोस्ताकडून नव्या लिनक्सच्या सीड्या मागवल्यास. सकाळी सुरू केलंस. मी बाजूला. मशीन मध्ये मध्ये इंग्रजीत विचारत होतं आणि तू वाय दाबत होतास. वाय म्हणजे होय, एवढं मी शिकलो. मग एके ठिकाणी अडलं. पडद्यावर ओळीच ओळी आल्या. तू डोकं खाजवलंस.

"काय झाला?"

"खुणा ज्या प्रोग्रॅमात लिवल्यानी तो जुनो. तेका जुनीच लायब्ररी होयी. नव्या लिनक्साक नवी लायब्ररी होयी. दोघांचा जमना नाय."

"म्हणजे?"

"रापणीक माणसा गोळा कोण करता?"

"मी." रापण म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून सगळ्यांनी मिळून दोरीने ओढायचं मोठं जाळं, आणि तांडेल म्हणजे तिथला मुख्य.

"मगे आयक. दामू दोरी धरूक येतलो, पण विठू नसलो तर नाय. विठू येतलो, पण तेका जुनोच तांडेल होयो. आणि नवो तांडेल रापणीर येवन बसलोहा, तो म्हणता जुनो हंय दिसूक नको. आता रापण कशी ओढशीत? तू अशा टायमाक काय करतंस?"

"मी सगळ्यांका होय म्हणतंय आणि घराक येवन निजतंय."

तू इतका हसलास की मला वाटलं मी काहीतरी शहाणपणाचं बोललो. तिथेच तुला कळायला हवं होतं, बाबल.

मग तू एक काहीतरी टाकून बघितलंस. मशीनने मोठा उतारा लिहिला आणि खाली थांबून राहिलं. तू हात मागे घेतलास. "ह्या आता नको. जुनी लायब्ररी वेगळी करून धाडल्यान हा दोस्तान, ती येवंदे." ती सीडी मुंबईहून बसच्या ड्रायव्हरकडे दिलेली, तळेऱ्याच्या नाक्यावर घ्यायची होती. खोलीचं दार तेव्हा लागत नव्हतं, कोंबड्या आत यायच्या. तू म्हणालास, "गुंडू, बस हंय. कशाक हात लावू नको." आणि मोटरसायकल काढलीस.

मी बसलो. कोंबडी एकही आली नाही. आली असती तर बरं झालं असतं.

आता खरं सांगतो. ते मशीन विचारून थांबलं होतं. एक काळी खूण लुकलुक करत होती, लुकलुक, लुकलुक. आणि मी कोण? देवळात गाऱ्हाणं घालताना सगळ्यात मोठ्याने 'होय म्हाराजा' ओरडणारा माणूस. गावकार एकेक मागणं मागतो आणि खालून होकार आला नाही तर ते गाऱ्हाणं लागत नाही, हे लहानपणापासून डोक्यात. मी तापाने पडलो होतो त्या वर्षी लोकांनी मला खाटेसकट नेलं होतं. माझ्यासमोर कुणी विचारतंय आणि कुणीच काही बोलत नाही, हे मला बघवेना. दहा मिनिटं बघितलं. मग वाय दाबला.

मशीन फटकन एक शब्द बोललं आणि विचारायचं बंद झालं. घाबरलो. पण तू वरचा बाण दाबून मागचं परत आणतोस ते मी बघितलेलं. दाबला. परत तोच उतारा, परत लुकलुक. आता नीट बघितलं तर उताऱ्याच्या शेवटी एक वाक्य वेगळं काढून दाखवलं होतं. मला वाटलं, ह्याला नुसता होय चालत नाही, सगळं वाक्य म्हणून दाखवायला हवं. म्हाराजासकट.

मला इंग्रजी अक्षरं येतात ती होड्यांच्या नंबरापुरती. मोठी, उभी, भक्कम. मी मोठ्या अक्षरांचं बटण लावून ते वाक्य टाकलं, होडीवर टाकतो तसं. परत फटकन बंद. म्हणजे बघ, त्या मशीनने मला दोनदा हाकललं. माणूस असतं तर एवढ्या सभ्यपणे हाकललं नसतं. पण मी हट्टाला पेटलो. पडद्यावर दोनच अक्षरं मोठी, बाकी छोटी; ती कशी काढायची ते शोधून काढलं. एकेक अक्षर पडद्यावर बोट ठेवून बघायचं, मग बटणांच्या पाटीवर शोधायचं. शेवटी उभी काठी आणि खाली टिंब होतं, तेही सापडलं. पाऊण तास गेला. घाम फुटला. आणि तिसऱ्या वेळेला ते मशीन ओळींवर ओळी टाकत असं धावत सुटलं की मी खुर्चीत मागे रेललो. रापण भरून आल्यावर दोरीवरचा पहिला माणूस जसा सगळ्यांकडे बघतो, तसा भिंतीकडे बघत बसलो.

मग ते थांबलं. मी बाण दाबला, काही नाही. वाय दाबला, काही नाही. बटण बंद करून चालू केलं तर दोन ओळी आल्या आणि मान टाकली.

तू आलास. सीडी शर्टाच्या आत घातलेली, ऊन लागू नये म्हणून. पडद्याकडे बघितलंस.

"हात लावलंस?"

"नाय."

"मगे?"

"लाइट गेल्ली."

असं मी म्हटलं. एवढं सहज म्हटलं की मलाच खरं वाटलं. तू पंख्याकडे बघितलंस. पंखा फिरत होता. "येवन गेली," मी म्हटलं.

तू सोसायटीच्या चेअरमन नानांना सांगितलंस, लाइट गेली, मी तसंच सोडून गेलो, चूक माझी. वाडीने काय धरलं? बाबलाचं ते फुकटचं मशीन लाइट गेली की मरतं. होड्यांच्या लायसनांची त्या मशीनवरची यादी लोकांनी परत वहीत न्यायला सुरुवात केली, आणि खुणांच्या छापील वह्या पुढे कुणाला नकोच झाल्या. चार वर्षं मी हे ऐकत आलोय. हसत आलोय. एकदा तर जत्रेत तुझ्या मशीनची नक्कल करून दाखवली, मान टाकून. सगळ्यात जास्त तूच हसलास.

ते अठरा दिवस. तू मशीन सीडीवरून कसंबसं अर्धं उठवलंस. आत बघितलंस तर फायली सगळ्या जाग्यावर होत्या, पण उघडणारा प्रोग्रॅमच गेलेला. दुसऱ्या कशात उघडलं तर नुसती रांगोळी. माझा बाप आत होता आणि त्याची भाषा जाणणारा कुणी घरात नव्हता. मी रोज येऊन बसायचो. वहिनी पडद्यावरची ओळ वाचायच्या, हे पॅकेज त्याच्यावर अवलंबून, ते तिसऱ्यावर, आणि तू जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर रेघा मारायचास. कोण कुणाशिवाय येत नाही, कोणाला कोण चालत नाही. एकाचं जमवलं की दुसरा रुसायचा. सातव्या दिवशी तू कॅलेंडर फाडलंस. आठव्या दिवशी नवं घेतलंस. मी मध्ये मध्ये विनोद करायचो, कारण मी गप्प बसलो असतो तर ओकलो असतो.

दहावा की अकरावा दिवस असेल. वहिनी नव्हत्या. तू पडद्याकडे बघतच म्हणालास, "ह्या लिनक्स तसा शाणा हा. मुख्य काय काढूचा झाला तर नुसता होय चलना नाय. आख्खा वाक्य लिवन घेता माणसाकडसून. 'होय, मी सांगतंय तसा कर.' अक्षर चुकला तरी आयकना नाय."

मग माझ्याकडे बघितलंस. रागाने नाही. दोरी सोडून देताना माणूस बघतो तसं, पलीकडच्याने धरली का नाही ते.

लाइट काही इंग्रजी टाइप करत नाही, हे मला तिथल्या तिथे कळलं. तोंड उघडलं. आणि म्हटलं काय? म्हटलं, "मगे आमच्या बायलेन पण तसाच ठेवक होया, लिवन घेतल्याशिवाय जेवण वाढूचा नाय." तू हसलास. परत पडद्याकडे वळलास. झालं. ती वेळ गेली ती गेलीच.

बाबल, तू मला वाट करून दिली होतीस ना? की नुसतं मशीनबद्दल बोलत होतास? सोळा दिवस मी ह्याच ओळीवर येऊन उठतोय. आत्ताही उठलो होतो. समोरच्या माडापर्यंत जाऊन आलो.

अठराव्या दिवशी तुझं जमलं. जुन्या लायब्ररीला तू वेगळी खोली दिलीस आणि फक्त खुणांच्या प्रोग्रॅमला तिचा पत्ता सांगितलास. नव्याला जुनी दिसत नाही, जुन्याला नवी नको. आणि त्या दोघांवर होल्ड म्हणून शिक्का मारलास, पुढे कितीही अपग्रेड आलं तरी ह्यांना हात लावायचा नाही. मग फाइल उघडली. वर माझ्या बापाचं नाव आणि खाली त्याचीच बोली: 'कुणकेश्वराचो कळस आणि फाटला सुरूचा झाड एक झाला, काय जाळा वर घे, हंय गुंड्यान फाडल्यान.' तू खुर्चीवरून उठलास आणि म्हणालास, "वाच." मी मोठ्याने वाचलं. तू बाहेर जाऊन उभा राहिलास, मला एकट्याला रडायला मिळावं म्हणून. इतकी वर्षं जे बापाला सांगायचं होतं ते मी त्या पडद्याला सांगितलं. आणि तुला जे सांगायचं होतं ते तू दाराबाहेर असताना मनातल्या मनात सांगितलं. तुला ऐकू गेलं नसणार.

त्या दिवसापासून मला छोटी इंग्रजी अक्षरं येतात. एका होडीचा नंबर छोट्या अक्षरांत रंगवला तर मालकाने सगळा खरवडायला लावला. तू म्हणालास, "सुंदर काढलंस पण."

आता गेल्या रविवारचं. सोसायटीची सभा, त्याच खोलीत. नाना म्हणाले, "बाबल तर गेलो. आता ता मशीन चालवतलो कोण? कुडाळचो माणूस बुधवारी येता, सगळा पुसून विंडोज घालता." कुणीतरी खुणांचं विचारलं. नाना म्हणाले, "त्यो बघूया मागसून. मशीनच बेभरवशाचा. एक फावट लाइट गेली, अठरा दिस निजला." सगळ्यांनी माना हलवल्या. बाबल, खोटं कशाला सांगू, सवयीने मीही हलवली. आणि मग मला माझ्या मानेची लाज वाटली.

उभा राहिलो. म्हटलं, "लाइट गेली नव्हती. ता मी केलंय."

सगळे हसले. नाना डोळे पुसत म्हणाले, "रे मेल्या, मयताचा सुतक तरी फिटांदे, मगे नकला कर." मी म्हटलं, देवाशपथ मीच. आणखी हसले. चाळीस वर्षं लोकांना हसवल्यावर माणूस शपथेवर काही सांगू शकत नाही, हे मला त्या दिवशी समजलं. मग डिझेल कधी येणार ते लिहायचा फळा होता तिथे गेलो, खडू घेतला, आणि ते वाक्य लिहिलं. छोट्या अक्षरांत. शेवटची काठी, खाली टिंब. अक्षर एकही चुकलं नाही. माझ्यासारख्याला आख्खं इंग्रजी वाक्य येतं बघून हसणं आपोआप थांबलं.

मास्तरांनी वाचलं, "येस, डू ॲज आय से." मग हळूच मराठीत सांगितलं, "होय, मी सांगतो तसं कर. हे स्वतः लिहून दिल्याशिवाय ते मशीन मोडतोड करत नाही. म्हणजे मशीनची चूक नव्हती."

"आणि बाबलाची?" नानांनी विचारलं.

"नाय," मी म्हटलं. "ना मशीनाची, ना तेची."

"मगे तेणा लाइट गेली म्हणान कित्या सांगल्यान?"

मी खडू खाली ठेवला. ह्याचं उत्तर तुला आलं असतं. नाना उठून फळ्याजवळ आले. मग म्हणाले, "कुडाळच्या माणसाक सांगा, येव नको. आधी खुणा छापून भायर काढूया, ज्याच्या त्याच्या घरात देवया. मगे बघू."

मालूवहिनी मागे बसल्या होत्या. त्या उठल्या, तुझी खुर्ची ओढली आणि मशीन चालू केलं. मी त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो. मला वाटत होतं, आता ह्या बाईने मला बोलावं. चार वर्षं तिच्या नवऱ्याचं नाव मी माझ्या चुकीखाली दाबून ठेवलं होतं. चार शिव्या द्याव्यात, मुस्काटात द्यावी, मी गाल पुढे केला होता. म्हटलं, "वहिनी, माका माफ करा. चूक माझी."

वहिनींनी मान वर केली नाही.

"चूक ह्यांचीच. तुमका एकट्याक मशीनफुडे बसवन गेले. आता बाजूक सरा भावजीनू, उजेड अडवतास."